सर्व्हिंग पंधरा ग्रॅमची, ताटात नव्वद ग्रॅम : अन्न सुरक्षा प्राधिकरणाला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरण,
नवी दिल्ली.

विषय : तयार पास्ता सॉसच्या बाटलीवरील सर्व्हिंगचे माप, मीठ-साखरेची माहिती आणि टोमॅटोचे प्रमाण याबाबत.

महोदय, महोदया,

पास्ता सॉसची एक सर्व्हिंग, म्हणजे एका वेळी खायचा वाटा, किती, हे कंपनीने ठरवायचे की तुम्ही? हे पत्र मुख्यतः या एका प्रश्नासाठी लिहीत आहे. आज ते कंपनी ठरवते आणि मी पाहिलेल्या बऱ्याच बाटल्यांवर ते माप १५ ग्रॅम छापलेले आहे. १५ ग्रॅम म्हणजे एक मोठा चमचा. एवढ्या सॉसमध्ये लहान मुलाच्या बशीतला पास्तासुद्धा नीट लाल होत नाही.

मी नाशिकमध्ये आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. माझ्याकडे येतात ते बहुतेक रक्तदाबाचे, मधुमेहाचे आणि किडनीचे रुग्ण. त्यांना मीठ कमी करायला सांगितले की पापड, लोणचे, शेव-फरसाण, जेवताना वरून घेतलेले मीठ ही नावे ते स्वतःच घेतात. घरोघरी ही यादी पाठ आहे. बाटलीतल्या लाल सॉसचे नाव त्या यादीत कोणी घेत नाही. तो टोमॅटोचा आहे, म्हणजे भाजीच झाली, असा सगळ्यांचा समज असतो. बाटलीवर चित्रही देठासकट रसरशीत टोमॅटोचे आणि तुळशीसारख्या दिसणाऱ्या बेसिलच्या पानाचे असते.

हा सॉस आता मॉलपुरता राहिलेला नाही. पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीत हंगामात टोमॅटोच्या क्रेटच्या थप्प्या लागतात आणि त्याच गावातल्या किराणा दुकानात पास्ता सॉसही मिळतो. शहरात तर ॲपवर मागवला की दहा-पंधरा मिनिटांत दारात. मुलांचा डबा, शनिवारचे रात्रीचे जेवण, वाढदिवसाचा बेत, सँडविचला आतून लावायला, ब्रेडवर चीज घालून पिझ्झा म्हणून, असा तो सगळीकडे शिरला आहे. नोकरी करणाऱ्या बाईला वीस मिनिटांत मुलांच्या आवडीचे गरम जेवण करता येते, यात वाईट काही नाही. मी पास्त्याच्या विरोधात नाही आणि बाटलीच्याही नाही. बाटलीवर जे छापले आहे त्यावरून खरे किती पोटात जाते ते कळत नाही, ही माझी तक्रार आहे.

एक उदाहरण सांगते. सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ आणि त्यांची सून माझ्याकडे आले होते. आजोबांचे पथ्य कडक. आमटीत मीठ बेताचे, पापड बंद, लोणचे बंद. आठवडाभर काय काय खाल्ले ते विचारत गेले तेव्हा कळले की नातवंडांबरोबर तेही पास्ता खातात आणि तोच सॉस घरात टोस्टवर, सँडविचमध्येही जातो. मी मिठाचे विचारले तर सून म्हणाली, "मॅडम, पास्त्यात मी वेगळं मीठ घालतच नाही. सॉसचं मीठ पुरतं." तिने अगदी खरे ते सांगितले होते. पुढच्या वेळी बाटली घेऊन या, असे मी तिला सांगितले.

ती बाटली आम्ही टेबलावर ठेवून वाचली. अक्षरे इतकी बारीक की मोबाइलचा कॅमेरा मोठा करून वाचावी लागली. घटक उतरत्या क्रमाने होते : पाणी, टोमॅटो पेस्ट, साखर, खाद्यतेल, मीठ, आयएनएस १४२२ (आयएनएस म्हणजे अन्नात घालायच्या द्रव्यांचे आंतरराष्ट्रीय क्रमांक), कांदा आणि लसूण पावडर, आयएनएस २६०, आयएनएस ४१५, वाळवलेली पाने, आयएनएस २११. पोषणाच्या तक्त्यात १०० ग्रॅममागे सोडियम सुमारे ९८० मिलिग्रॅम आणि वरून घातलेली साखर सुमारे ११ ग्रॅम. शेजारच्या रकान्यात १५ ग्रॅमच्या सर्व्हिंगमागे दिवसाच्या गरजेचे टक्के : सोडियम ७ टक्के, साखर ३ टक्के. सुनेने तेच आकडे वाचले होते. सात टक्के म्हणजे काहीच नाही, असे तिला वाटले. कोणालाही वाटेल.

मग मी वजनकाट्यावर बशी ठेवली आणि आजोबांच्या पास्त्यात जेवढा घालता तेवढा सॉस ओता, असे तिला म्हटले. काटा ९० ग्रॅमच्या आसपास थांबला. आता हिशेब करा. ९० ग्रॅममध्ये सोडियम जवळपास ८८० मिलिग्रॅम. तुमच्याच नियमाप्रमाणे दिवसाची मर्यादा २००० मिलिग्रॅम आहे, म्हणजे एका बशीत ४४ टक्के. सोडियमला अडीचने गुणले की मीठ निघते : सव्वादोन ग्रॅमच्या आसपास. दिवसभराचे सगळे मिळून पाच ग्रॅम मीठ, म्हणजे एक लहान चमचा, त्यातले निम्म्याच्या जवळ पोहोचणारे मीठ या एका पदार्थात गेले. त्यावर चीज पडते, पास्ता उकडताना पाण्यात मीठ पडते. सकाळचे पोहे आणि दुपारची आमटी-पोळी अजून मोजलीच नाही. साखरेचे म्हणाल तर दोन लहान चमचे, जेवणात, गोड काहीही न खाता.

आजोबांचा रक्तदाब पास्त्यामुळेच वाढला, असे मी म्हणणार नाही. रक्तदाबाला अनेक कारणे असतात. पण पथ्य पाळणाऱ्या घराला पथ्य नेमके कुठे मोडते ते कळायला हवे आणि ते कळण्याची एकमेव जागा बाटलीचे लेबल आहे. तिथे ४४ च्या जागी ७ छापलेले होते, आणि तेही पूर्णपणे कायद्यात बसणारे.

तुम्ही काही केले नाही, असे मी मुळीच म्हणत नाही. २०२० च्या लेबलिंग नियमांनी वरून घातलेली साखर वेगळी दाखवायला लावली. त्याआधी टोमॅटोची स्वतःची गोडी आणि पोत्यातली साखर एकाच आकड्यात मिसळलेली असायची. त्याच नियमांनी २००० किलोकॅलरी, ६७ ग्रॅम एकूण चरबी, २२ ग्रॅम संपृक्त चरबी, ५० ग्रॅम वरची साखर आणि २००० मिलिग्रॅम सोडियम हे दिवसाचे माप धरून सर्व्हिंगमागचे टक्के छापायला सांगितले. कल्पना उत्तम होती. पण टक्के कशाचे काढायचे तो वाटाच कंपनीच्या हातात राहिला. वाटा लहान धरला की टक्के आपोआप लहान होतात. सॉसमधले मीठ चिमूटभरही कमी करावे लागत नाही.

जुलै २०२४ मध्ये तुम्ही आणखी एक प्रस्ताव मान्य केला : एकूण साखर, मीठ आणि संपृक्त चरबी यांची माहिती ठळक आणि मोठ्या अक्षरांत द्यायची. बातमी वाचून मला आनंद झाला होता. नंतर तपशील पाहिला, तर ठळक करायचे ते पुन्हा सर्व्हिंगमागचेच टक्के. म्हणजे त्या आजोबांच्या बाटलीवर उद्या '७ टक्के' हा आकडा दुरूनही वाचता येईल असा छापला जाईल. सध्या तो बारीक असल्यामुळे निदान कोणाचे लक्ष तरी जात नाही. मोठा झाला की लोक त्यावर विश्वास ठेवतील. वाट्याचे माप दुरुस्त न करता अक्षरे मोठी केली, तर नुकसान वाढेल.

वाटा सरकारने ठरवणे अशक्य नाही. अमेरिकेत १९९० च्या पोषण लेबल कायद्यानंतर तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने पदार्थांच्या प्रकारानुसार, लोक एका वेळी प्रत्यक्षात किती खातात याची मापे ठरवून दिली. त्यात स्पॅगेटी सॉससारख्या, जेवणाचा मुख्य भाग असलेल्या सॉसचे माप १२५ ग्रॅम आहे. पिझ्झा सॉस आणि पेस्टो यांचे पाव कप. केचपचे मात्र एक मोठा चमचा, कारण केचप तोंडी लावायला घेतात. तोंडी लावायचा पदार्थ आणि पदार्थाचा पाया असलेला सॉस यांतला हा फरक तिथे नियमातच आहे. आपल्याकडे पास्ता सॉसला केचपचे माप लावून मोकळे होतात. लोकांच्या खाण्याच्या सवयी बदलल्या तसे अमेरिकेने २०१६ मध्ये ही मापे सुधारलीही : आइस्क्रीमचा वाटा अर्ध्या कपावरून दोन तृतीयांश कपावर नेला, कारण लोक तेवढे खाऊ लागले होते. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था आहे, देशभर आहारशास्त्राची महाविद्यालये आहेत. भारतीय घरात पास्त्यावर, सँडविचमध्ये, पिझ्झ्यावर सॉस किती पडतो हे मोजणे त्यांना जड नाही. मी एका बशीचे मोजले, ते हजार घरांत मोजावे लागेल, एवढेच.

आता बाटलीच्या आत काय असते आणि का असते, याबद्दल थोडे सविस्तर लिहिते. नुसते 'केमिकल, केमिकल' म्हणून घाबरवणारे संदेश मोबाइलवर फिरतात, ते मला मान्य नाहीत.

कारखान्यात वर्षभर ताजा टोमॅटो येत नाही. हंगामात आटवून ठेवलेली घट्ट पेस्ट येते. तिच्यात पाणी घालून ती पुन्हा पातळ करतात, म्हणून घटकांच्या यादीत पहिले नाव पाण्याचे. टोमॅटो आंबट असला तरी त्याचा आंबटपणा सुरक्षिततेच्या रेषेवर घुटमळतो. सामू (पीएच; तो जितका कमी तितका पदार्थ आंबट) ४.६ च्या वर गेला, तर हवाबंद बाटलीत बोट्युलिझमचे जीवघेणे विष तयार करणारे जंतू वाढू शकतात. म्हणून सायट्रिक आम्ल (३३०) किंवा अॅसेटिक आम्ल (२६०) घालतात. ते घातलेच पाहिजे, त्याला माझी हरकत नाही. पण आम्लाने सॉस जास्त आंबट लागतो, मग तो आंबटपणा मारायला साखर. पाण्यामुळे पातळ झालेल्या सॉसला दाटपणा यावा म्हणून प्रक्रिया केलेला स्टार्च (१४२२) आणि झँथन गम (४१५). दोनदा शिजून मूळ चव गेलेली असते, ती भरून काढायला मीठ, कांदा-लसूण पावडर, कधी ६२७ आणि ६३१ ही चव वाढवणारी द्रव्ये. आणि उघडलेली बाटली आपल्याकडे कित्येक दिवस वापरात असते, म्हणून सोडियम बेन्झोएट (२११).

यातल्या एकेका आकड्याला मी विष म्हणणार नाही. ठरलेल्या मर्यादेत ही द्रव्ये वापरायला परवानगी आहे आणि लिंबातले आम्ल व ३३० हे एकच. मला दिसते ती साखळी. पेस्टमध्ये पाणी जितके जास्त आणि टोमॅटो जितका कमी, तितकी साखर, स्टार्च आणि मीठ यांची गरज वाढते. घटकांची यादी वाचताना साखरेचे नाव कितव्या जागी आले ते पाहा, असे मी रुग्णांना सांगते, ते यासाठी. चांगल्या बाटल्याही मिळतात. टोमॅटो, ऑलिव्ह तेल, कांदा, लसूण, बेसिल, मीठ, एवढीच यादी असलेल्या. त्या महाग असतात आणि त्यांतही मीठ बेताचेच असेल याची खात्री नसते, पण निदान जे खातो ते टोमॅटो असते. शिजवलेल्या टोमॅटोतले लायकोपिन, म्हणजे त्याला लाल रंग देणारे द्रव्य, तेलासोबत जास्त चांगले शोषले जाते, हेही खरे. कच्च्या टोमॅटोत १०० ग्रॅममागे साखर जेमतेम अडीच-तीन ग्रॅम असते आणि सोडियम जवळजवळ नसतेच. बाटलीतल्या सॉसमध्ये आपल्याला जे त्रासदायक आहे ते टोमॅटोबरोबर आलेले नाही.

टोमॅटो किती, हा प्रश्न इथेच येतो. तुमचे नियम सांगतात की ज्या घटकावर लेबलचा भर आहे त्याची टक्केवारी द्यावी. त्यामुळे बाटलीवर 'टोमॅटो पेस्ट २४ टक्के' असे छापलेले दिसते. दुसऱ्या बाटलीवर 'टोमॅटो प्युरी २४ टक्के'. ग्राहकाला दोन्ही सारखेच वाटणार. पण तुमच्याच मानकांत पेस्टमध्ये विद्राव्य (पाण्यात विरघळलेले) घन पदार्थ किमान २५ टक्के आणि प्युरीमध्ये किमान ९ टक्के हवेत. कच्च्या टोमॅटोत ते साधारण ५ टक्के धरले, तर पहिल्या बाटलीत १०० ग्रॅम सॉसमागे सुमारे १२० ग्रॅम टोमॅटो गेला आणि दुसरीत सुमारे ४३ ग्रॅम. आकडा तोच, टोमॅटो एक तृतीयांश. ब्रिटनमध्ये केचपच्या बाटलीवर १०० ग्रॅम केचपला किती ग्रॅम टोमॅटो लागले, हे छापलेले मिळते. आपल्याकडे ते छापायला काय हरकत आहे? इटलीने तर २००५ मध्ये नियम केला की 'पासाता' (गाळलेल्या टोमॅटोचा दाटसर रस) हे नाव लावायचे असेल, तर ती थेट ताज्या टोमॅटोपासून केलेली हवी. पेस्टमध्ये पाणी घालून केलेली चालणार नाही.

आपल्याकडे टोमॅटो केचप आणि टोमॅटो सॉस यांना एकच मानक आहे : मीठ वगळून विद्राव्य घन पदार्थ किमान २५ टक्के. नुसता टोमॅटो आटवून तिथवर जायचे, तर पाच किलोचा एक किलो करावा लागेल. साखरेने ते सोपे होते, कारण साखरही विद्राव्य घन पदार्थच आहे. पास्ता सॉसला तर स्वतंत्र मानक असल्याचे दिसत नाही, कितीतरी बाटल्यांवर 'प्रोप्रायटरी फूड', म्हणजे ठरलेले मानक नसलेला पदार्थ, असे छापलेले असते. ज्या पदार्थाला मानकच नाही त्यात किमान टोमॅटो किती असावा, हे विचारायचे कोणाला? नारायणगावला किंवा नाशिक जिल्ह्यात भाव कोसळले की शेतकऱ्यांवर क्रेटच्या क्रेट रस्त्यावर ओतायची वेळ येते, ते आम्ही डोळ्यांनी पाहतो. एका मानकाने शेतकऱ्याचा प्रश्न सुटेल, असा माझा दावा नाही. पण टोमॅटोचे चित्र लावून विकल्या जाणाऱ्या सॉसमध्ये टोमॅटोऐवजी स्टार्च आणि साखर का जावी, हा प्रश्न त्या शेतकऱ्याचाही आहे.

आता बाटलीच्या दर्शनी बाजूबद्दल. सप्टेंबर २०२२ च्या मसुद्यात तुम्ही तारे सुचवले : अर्ध्यापासून पाचपर्यंत, पदार्थ जितका चांगला तितके तारे. या पद्धतीत मीठ, साखर, संपृक्त चरबी आणि ऊर्जा यांचे वजा गुण आणि फळे, भाज्या, तंतू, प्रथिने यांचे अधिक गुण धरून बेरीज होते. पास्ता सॉससारख्या पदार्थात याचा परिणाम काय होईल ते पाहा. टोमॅटो भाजीतच मोडतो, म्हणून त्याचे अधिक गुण मिळणार आणि ते मिठाचे वजा गुण काही अंशी झाकणार. रक्तदाबाच्या माणसाला टोमॅटोमुळे मीठ माफ होत नाही. शरीरात अशी वजाबाकी नसते. त्याला एकच माहिती हवी असते, यात मीठ फार आहे का? ताऱ्यांतून त्याचे उत्तर मिळत नाही.

चिलीने २०१६ पासून वेगळा मार्ग धरला. मर्यादेपेक्षा जास्त सोडियम, साखर, संपृक्त चरबी किंवा ऊर्जा असेल, तर पाकिटाच्या दर्शनी भागावर काळा अष्टकोनी शिक्का, प्रत्येकाचा वेगळा. मर्यादा १०० ग्रॅममागे मोजतात, वाट्यामागे नाही. २०१९ पासून तिथे घन पदार्थांसाठी सोडियमची मर्यादा ४०० मिलिग्रॅम आणि साखरेची १० ग्रॅम आहे. माझ्या टेबलावरच्या त्या बाटलीला तिथे दोन काळे शिक्के लागले असते. शिक्का टाळण्यासाठी चिलीतल्या कंपन्यांनी अनेक पदार्थांतली साखर आणि मीठ कमी केले, हेही तिथे दिसून आले. मेक्सिकोने २०२० मध्ये तीच वाट धरली. ब्रिटनने मिठाची ऐच्छिक लक्ष्ये ठरवली आणि त्यांत पास्ता आणि स्वयंपाकात वापरायच्या सॉसचा वेगळा गट केला. पेस्टोसारखे घट्ट प्रकार सोडून या सॉसचे सरासरी लक्ष्य १०० ग्रॅममागे एक ग्रॅम मिठाच्या आत आहे. त्या बाटलीत अडीच ग्रॅमच्या जवळ होते. म्हणजे कमी मिठाचा पास्ता सॉस करता येतो आणि तो विकलाही जातो.

कंपन्या स्वतःहून बोलल्याचेही उदाहरण आहे. २०१६ मध्ये मार्स फूडने जाहीर केले की डोल्मिओ या त्यांच्या प्रसिद्ध सॉसच्या काही प्रकारांवर, म्हणजे लझान्या सॉस, पेस्टो, कार्बोनारा अशांवर, 'अधूनमधून खा' अशी सूचना येईल, आठवड्यातून एकदाच्या हिशेबाने. मीठ, साखर किंवा चरबी जास्त असल्यामुळे हे रोजचे खाणे नव्हे, असे विकणाऱ्यानेच सांगितले. आपल्या देशात मात्र ग्राहकाने भिंग घेऊन बसायचे.

भिंग घेऊनही सगळ्यांना वाचता येत नाही. नियमाप्रमाणे लेबल इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असले की पुरते, इतर भाषा ऐच्छिक. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी आज्यांना इंग्रजी येत नाही आणि घरातला स्वयंपाक त्यांच्याच हातात असतो. आयएनएस २११ हा आकडा तर इंग्रजी येणाऱ्यालाही काही सांगत नाही. आकड्याशेजारी नाव छापावे, एवढे तरी सक्तीचे करा. शिक्का भाषा ओलांडून कळतो. किडनीच्या रुग्णांसाठी आणखी एक गोष्ट : टोमॅटो आटवला की पोटॅशियमही त्या प्रमाणात दाट होते आणि पोटॅशियम लेबलवर देणे सक्तीचे नाही. डायलिसिसवरच्या माणसाला ती माहिती मिठाइतकीच लागते.

देशभर केलेल्या आयसीएमआर-इंडियाबच्या पाहणीत, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आकड्यांप्रमाणे, भारतातल्या ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आहे आणि ११.४ टक्क्यांना मधुमेह. म्हणजे पास्त्याच्या टेबलाभोवती बसलेल्या तीन मोठ्या माणसांपैकी एकाला मीठ मोजूनच खायला हवे. मुलांची मर्यादा तर मोठ्यांपेक्षाही कमी आणि डब्यातला पास्ता त्यांच्यासाठीच असतो.

एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाकिटाच्या दर्शनी भागावरील लेबलबाबत तज्ज्ञ समितीने तीन महिन्यांत शिफारशी द्याव्यात, असे सांगितले. पुढे मुदत वाढवून मागितली गेली आणि मिळाली. घाईत चुकीचे लेबल येण्यापेक्षा उशिरा बरोबर आलेले मला चालेल. पण उशिरा येऊन त्यात पुन्हा तीच १५ ग्रॅमची सर्व्हिंग असेल, तर इतकी वर्षे कशासाठी गेली?

तुम्ही ठरवले की होते, हे आम्ही पाहिले आहे. तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटची मर्यादा जानेवारी २०२१ मध्ये ३ टक्क्यांवर आणि जानेवारी २०२२ मध्ये २ टक्क्यांवर तुम्ही आणलीत. वनस्पती तुपाचा एवढा मोठा धंदा असताना आणलीत. जून २०२४ मध्ये पाणी घालून पुन्हा तयार केलेल्या रसावरचा '१०० टक्के फळांचा रस' हा दावा काढून टाकायला लावलात. तोच न्याय पास्ता सॉसला लावा. वाटा तुम्ही ठरवा आणि तो लोक खातात तेवढा ठरवा. दर्शनी भागावरचा इशारा १०० ग्रॅममागच्या मापावर द्या आणि मिठाचा, साखरेचा, चरबीचा वेगवेगळा द्या. १०० ग्रॅम सॉसमागे कच्चा टोमॅटो किती, ते छापायला लावा आणि पास्ता सॉसचे स्वतंत्र मानक आणा.

पत्र खुले आहे, म्हणून वाचणाऱ्या घरांसाठीही थोडे लिहिते. नियम बदलेपर्यंत सर्व्हिंगचा रकाना सोडून द्या आणि १०० ग्रॅमचाच वाचा. सोडियम ४०० च्या आत असेल तर बरे. ८००-९०० च्या पुढे असेल, तर ती बाटली रोजच्या डब्यासाठी नको. घरात असलेली बाटली फेकायची गरज नाही. दोन-तीन टोमॅटो किसून थोड्या तेलात लसणीबरोबर शिजवा आणि बाटलीतला सॉस नेहमीच्या निम्मा घाला. रंग येतो, चव येते, मीठ जवळपास अर्ध्यावर येते. सॉस तसा वापरणार असाल, तर पास्ता उकडताना पाण्यात मीठ टाकू नका. त्या सुनेने हेच सुरू केले आणि नातवंडांनी कुरकुर केली नाही, असे तिने नंतर सांगितले. पांढऱ्या, चीजच्या सॉसला मात्र ही युक्ती लागू होत नाही. तिथे मिठाबरोबर संपृक्त चरबीचा आकडाही पाहा.

दर्शनी लेबलचा नवा मसुदा तुम्ही हरकती-सूचनांसाठी खुला कराल, तेव्हा सर्व्हिंगच्या मापाबद्दलची माझी हरकत मी वजनाच्या नोंदींसह पाठवणार आहे आणि माझ्याकडे येणाऱ्या रुग्णांच्या घरच्यांनाही पाठवायला सांगणार आहे. त्यांतले बरेच जण मराठीतच लिहितील. त्या हरकती मराठीत स्वीकारल्या जाव्यात आणि मसुदाही मराठीत उपलब्ध व्हावा, ही विनंती.

आपली,
नाशिकची एक आहारतज्ज्ञ